उगवतीची पट्टी

आमच्या स्वतःच्या घराच्या कुंपणाची मोजणी मी आजवर केलेली नाही. बारामतीत आमचं छोटं घर आहे. शेजाऱ्यांची भिंत आमच्यात आली आहे असं मला वाटतं आणि आमचा जिना त्यांच्यात गेला आहे असं त्यांना वाटतं. नवरा मधूनमधून म्हणतो, "अगं, तू मोजणी खात्यातली. एकदा मोजून तरी टाक." मी म्हणते, जन्मभर दुसऱ्यांची भांडणं मोजली, आता मला बसू दे. गुडघे गेलेत. टाचांच्या भेगा अजून भरलेल्या नाहीत. मोजलं की भांडण मिटतं, असा समज नोकरीच्या पहिल्या वर्षी असतो. पुढं तो कधी गळून पडतो ते कळतही नाही.

माझा हुद्दा भूकरमापक. या नावानं गावात मला कुणीही हाक मारली नाही. मी मोजणीवाल्या बाई, नाहीतर मॅडम. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके पायांनी तुडवले, त्यातला अर्धा वेळ उसात गेला. सुरुवातीला मी बांधावर उतरले की लोक माझ्या मागं बघायचे, साहेब कुठं राहिले म्हणून. साहेब मीच, हे ध्यानात आल्यावर कुणीतरी लगबगीनं घरातून खुर्ची आणायचं. ती खुर्ची दिवसभर मोकळीच राहायची, कारण मोजणी बसून होत नाही.

हे काम नेमकं काय असतं ते माझ्या सख्ख्या बहिणीलाही कळलेलं नाही. तिला वाटतं, मी टेप धरून जमीन मोजत हिंडत होते. जमीन मोजणं सोपं आहे. अवघड आहे ते जुना नकाशा जमिनीवर बसवणं. शाळेतला आलेखाचा कागद आठवा. आडवी रेघ क्ष, उभी रेघ य, दोन्ही मिळतात तो आरंभबिंदू. त्या कागदावर एक चौकोन काढायचा आणि त्याच्या प्रत्येक कोपऱ्याच्या क्षमध्ये तीन मिळवायचे, य तसाच ठेवायचा. सगळा चौकोन तीन घरं उजवीकडं सरकतो. तो वळत नाही, लांबत नाही, आखडत नाही. बाजू तेवढ्याच, कोन तेच, क्षेत्रफळही तेवढंच. काय बदललं, असं बाई विचारायच्या आणि आम्ही एका सुरात म्हणायचो, फक्त जागा. वर्गात त्या 'फक्त'ला एक मार्क मिळायचा. बांधावर त्याच्यापायी डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

आमच्याकडं पूर्वी लाकडी फलक होता, मग दुर्बिणीचं यंत्र आलं, आता रोव्हर आहे. रोव्हर म्हणजे डोक्यावर पालथी वाटी असलेली काठी. ती उपग्रहांकडून विचारून घेते आणि काठीचं टोक पृथ्वीवर कुठं टेकलंय ते दोन आकड्यांत सांगते. लोकांना वाटतं, ती हद्दच दाखवते. ती फक्त काठीची जागा सांगते. हद्द नकाशात असते आणि नकाशा कागदावर तरंगत असतो. त्याला खाली बसवायला एक पक्की खूण लागते, जी नकाशातही आहे आणि रानातही. त्या खुणेवर नकाशातला बिंदू टेकवायचा आणि सगळा आकार सरकवत तिथं आणायचा. तो वाकडा बसू नये म्हणून एखादी जुनी सरळ रेघ धरायची, रस्त्याची नाहीतर कालव्याची. खूणच चुकली तर सगळं चुकतं. वाईट हे की सगळं सारखंच चुकतं, म्हणून नजरेला येत नाही.

कळसला एक आबा होते. त्यांची हद्द मोजणीत जिथल्या तिथं आली. आबांना ते काही पटलं नाही. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, नकाशा जरा उगवतीला सरकवा की. तुमच्याच हातात हाय."

"सरकवते. पण मग मावळतीचा बांधही तेवढाच आत येईल. तिकडचं रान जाईल तुमचं."

आबा विचारात पडले. "मावळतीचं ऱ्हाऊ द्या तितंच. एकाच अंगानं सरकवा."

"आबा, त्याला सरकवणं म्हणत नाहीत."

"मग काय म्हंत्यात?"

"गुन्हा म्हणतात."

आबा पोट धरून हसले आणि जाताना मला पावट्याच्या शेंगा दिल्या. नंतर त्यांनी पुन्हा मोजणीचा अर्ज केला तो केलाच.

कऱ्हेकाठच्या एका गावाचा नकाशा संगणकावर चढवत होतो तेव्हाची गोष्ट. उपग्रहाच्या फोटोवर नकाशा ठेवला तर गावठाण नदीच्या पात्रात. नवीन लागलेल्या ऑपरेटर मुलीनं तो सरकवला, पण वजा करायचं तिथं अधिक केलं. चूक जायच्या ऐवजी दुप्पट झाली आणि गाव पार पलीकडच्या काठावर जाऊन बसलं. त्या दिवशी आम्ही सगळेच हसलो. संगणकावर गाव परत आणायला दोन कळा पुरतात. रानात चुकलेली रेघ परत आणायला काय लागतं, ते त्या मुलीला अजून कळायचं होतं, आणि मलाही ते नीट कळलं ते नोकरीच्या अगदी शेवटी, भवानीनगरच्या बाजूला एका वस्तीवर.

तिथं एक चारी आहे, म्हणजे कालव्यातून निघालेला पाट. ती उगवतीच्या डांबरी रस्त्यापासून मावळतीच्या ओढ्यापर्यंत सरळ जाते. तिच्या कडेनं शेतांचे गट ओळीनं एकाला एक लागून आहेत. रस्त्याकडून पहिला गट एका बागाईतदाराचा, दुसरा शंकरतात्यांचा, तिसरा दस्तगीरभाई मुलाणींचा, मग बाकीच्यांचे. अर्ज तात्यांचा मुलगा युवराज यानं केला होता. बागाईतदारानं आधी आपली मोजणी करून घेतली होती आणि त्या मोजणीप्रमाणं तात्यांच्या उगवतीच्या कडेची उभ्या उसाची पट्टी त्याच्याकडं गेली होती. तात्यांनी ती मुकाट्यानं सोडली. युवराजला ते सहन झालं नाही. तो काही भांडखोर माणूस नव्हता. मला म्हणाला, "मॅडम, आमाला कुणाचं फुकाट नको. पर उताऱ्यावर जेवढं हाय तेवढं रान आमचं कुठंतरी असंलच की. ते दावा."

पक्की खूण म्हणून ओळीत एकच दगड उरला होता. बाकीचे हद्दीचे दगड ट्रॅक्टर आणि जेसीबीनं केव्हाच उपटले होते. हा राहिला, कारण त्याला शेंदूर लागला होता. रस्त्याजवळच्या कोपऱ्यावरचा हा दगड म्हणजे वस्तीचा म्हसोबा. आमच्या भागात हद्दीच्या दगडाचा देव होणं नवीन नाही. मोजणीदाराला ते बरंच असतं, देवाला कुणी नांगर लावत नाही. म्हसोबाची जत्रा भरते आणि तिथं बोकड कापायचा मान पिढ्यान्‌पिढ्या मुलाण्यांच्या घराचा आहे. दगडाला आता चौथरा होता, वर पत्र्याचा मंडप होता आणि पुढं 'स्वयंभू म्हसोबा' अशी रंगवलेली पाटी होती.

मी नकाशाचा कोपरा म्हसोबावर टेकवला, चारीच्या सरळ रेघेवर दिशा धरली आणि मोजणी केली. आधीच्या मोजणीशी ती तंतोतंत जुळली. तात्यांचं क्षेत्र भरलं. फक्त त्यांची मावळतीची हद्द जुन्या बांधावर येत नव्हती. ती बांध ओलांडून दस्तगीरभाईंच्या आवारात शिरत होती आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून जात होती. मी फक्की टाकायला सांगितलं. चुन्याची पांढरी रेघ बांधावरून उतरून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत आली, तिथं तुटली आणि पलीकडच्या भिंतीपासून पुन्हा सुरू झाली.

दस्तगीरभाईंची बायको मुमताजभाभी दारात उभी राहून बघत होती. घर जुनं होतं, स्वयंपाकघर नवं. लग्न होऊन आल्यापासून तिनं वळचणीला चूल मांडून रांधलं होतं, पावसात पोत्याचा आडोसा करून. आता कुठं तिला ओटा मिळाला होता, काळ्या फरशीचा, आणि त्यावर पाण्याचा नळ. तिनं त्या ओट्यावर चहा केला आणि पहिला कप मला दिला. मी तो घेतला. नको म्हणणं त्याहून वाईट दिसलं असतं. नोकरीत मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या, एकदा अंगावर कुत्रं सोडलेलं पाहिलं, पण त्या चहाइतकं जड काही गिळलं नाही.

दस्तगीरभाई म्हणाले, "मशिन बोलतंय तर असंल. आमी काढून घीतो."

"घाई करू नका, भाई. हरकत घ्यायचा हक्क आहे तुम्हाला."

"कुणावर घ्यायची? तात्यांवर?" ते म्हणाले. तात्या तिथंच बांधावर बसले होते. ते जमिनीकडं बघत होते आणि सबंध दिवसात एक शब्द बोलले नव्हते.

एसटीच्या बाकावर कडेच्या माणसानं रेटा दिला की सगळे सरकतात. कुणाचीच बसायची जागा कमी होत नाही, फक्त शेवटचा खाली पडतो. इथं तेच चाललं होतं. बागाईतदारानं तात्यांना रेटलं, तात्यांचा रेटा मुलाण्यांना लागला. मुलाण्यांनी मोजणी मागितली असती तर त्यांचं क्षेत्र पुढच्याच्या रानात भरून निघालं असतं आणि असं करत शेवटचा गट ओढ्यात गेला असता. प्रत्येकाचं क्षेत्र मात्र कागदावर बरोबर. मला हे तेव्हाच खटकायला हवं होतं, पण ऊन फार होतं आणि अजून एक मोजणी बाकी होती. खरं सांगायचं तर त्या वयात खटकून घ्यायचाही कंटाळा येतो.

खटकलं ते निघताना. आवाराच्या मागं केळीचं बेट होतं. चहूकडं कडक मुरूम आणि तेवढ्याच जागी केळी माजलेल्या. मी सहज म्हटलं, "भाभी, खत काय घालता?"

"खत कशाचं, मॅडम? तितं आमच्या सासऱ्यांची हीर व्हती. बुजवून टाकली. पर वल काय हाटत न्हाय."

जुन्या नकाशात या गटात विहिरीची खूण होती. मी पिशवीतून नकाशा काढला आणि आमच्या बसवलेल्या हद्दीप्रमाणं ती विहीर कुठं यायला हवी ते काठी टेकवून पाहिलं. काठी केळीपासून मावळतीला, अखंड मुरमावर उभी राहिली. तिथं कधी कुणी खड्डासुद्धा खणलेला नव्हता. मग मी केळीपासून त्या काठीपर्यंत मोजलं आणि जुन्या बांधापासून फक्कीच्या रेघेपर्यंत मोजलं. दोन्ही अंतरं एकच, दोन्हींची दिशा एकच, चारीला धरून मावळतीकडं. एक बिंदू चुकला तर ती चूक असते. दोन बिंदू तेवढेच आणि तिकडंच चुकले तर सगळा कागद सरकलेला असतो. सरकायचं कारण एकच असू शकत होतं, ज्याच्यावर आम्ही कागद टेकवला होता तो दगड.

मी दस्तगीरभाईंना बाजूला घेतलं. "म्हसोबा कधी हलवला होता का हो?"

त्यांनी आधी मंडपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "इचारायचं तर तात्यास्नी इचारा, मॅडम. माझ्या तोंडून ते बरं दिसायचं न्हाय."

मी युवराजला मोजणी पुरी झालेली नाही असं सांगितलं आणि सगळ्या लगतच्यांना पुन्हा नोटिसा काढल्या. तो माझ्यावर रागावला. साहजिक होतं, जुळलेली मोजणी कोण उलगडतं? ऑफिसातले साहेबही म्हणाले, जुळतंय ना, मग कशाला उकरताय? मलाही तसंच वाटत होतं. नोकरीचे थोडे दिवस उरलेले, आणि देवाच्या दगडाला हात घालायची हौस कुणाला असते?

दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा दस्तगीरभाईंनी स्वयंपाकघराचे पत्रे उतरवायला सुरुवात केली होती. मशीननं सांगितलं म्हणजे आज ना उद्या काढायचंच, आपल्या हातानं काढलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. भांडी अंगणात बाजेवर मांडलेली होती. मुमताजभाभीनं वळचणीला तीन दगड मांडून चूल पेटवली होती. तात्यांनी येताना ते पाहिलं असणार, कारण रस्ता त्याच दारावरून होता. माणसं जमेपर्यंत ते म्हसोबाच्या चौथऱ्यावर एकटेच बसून होते.

मी त्यांच्याजवळ गेले. विहिरीच्या हिशेबानं दगडाची मूळ जागा मी काढून ठेवली होती. म्हसोबापासून चारीच्या कडेनं उलटं उगवतीकडं यायचं, जेवढं बाकीचं सरकलं तेवढंच. ती जागा डांबरी रस्त्यावरून आत वळायच्या तोंडाशी येत होती, जिथं उसाच्या ट्रॉल्या वळतात. जुने मोजणीदार हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरायचे. दगड कुणीही हलवू शकतं, कोळसा तिथंच राहतो आणि मातीत कुजत नाही. मी त्या जागेवर काठी टेकवली आणि हळू आवाजात विचारलं, "तात्या, इथं खणलं तर कोळसा निघेल का?"

तात्यांनी माझ्या काठीकडं पाहिलं. "खणू नका, बाई," ते म्हणाले. "निघंल."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ट्रॉल्या वळत नव्हत्या तितं. सीझनला दोन ट्रॉल्या चारीत उलथल्या. कारखाना सुरू व्हायच्या आत वळण मोकळं करायचं व्हतं. देवाला कौल लावला, त्यानं उजवा दिला. नारळ फोडला, बोकड दिलं. दस्तगीरच्या बानंच कापलं. मग म्या माझ्या बैलांनी दगड वढून हितं आणला. ह्यो दगड हद्दीचाबी हाय, हे कुणाच्या डोस्क्यातच आलं न्हाय, बाई. आमाला सगळ्यास्नी देवच दिसत व्हता."

"मग मोजणी झाली तेव्हा तरी सांगायचं होतं."

"तवर मंडप झाल्ता. पाटी लागली. पोरं म्हंत्यात स्वयंभू हाय, हितंच वर आला. त्यास्नी काय सांगू, म्या बैल जुपून आणला म्हनून?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, नुसता थकवा आला. इतकी वर्षं मी माणसांना विचारत आले, तुमची हद्द कुठं, आणि माणसं मला जे सांगायचं नाही तेवढं सोडून सगळं सांगत आली. मी म्हटलं, "तात्या, मला तुमचा जबाब लागेल. तुम्ही बोलला नाहीत तर मला आहे ते कायम करावं लागेल. माझ्या हातात दुसरं काही नाही."

माणसं जमली. युवराज आला, बागाईतदार आला, म्हसोबाच्या जत्रेच्या मंडळाची पोरं आली. दस्तगीरभाई हातातला पाना तसाच धरून लांब उभे राहिले. मी सुरुवात करणार एवढ्यात तात्या उठले. टोपी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देव म्या हलवलाय. आधी ह्या वळणावर व्हता."

मंडळातला एक जण नरमाईनं म्हणाला, "तात्या, वय झालं तुमचं. कायबाय आठवतंय."

"मग खणा," तात्या म्हणाले.

मी काठी टेकवली होती तिथं युवराजनंच कुदळ मारली. वरची खडी निघाली, मुरूम निघाला आणि त्याखाली काळे तुकडे निघाले. त्यानं एक तुकडा उचलून बोटांनी चोळला आणि बोटं बघत राहिला. मंडळाची पोरं मंडपाकडं गेली आणि तिथं आपसात बोलत उभी राहिली. देवाचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं होतं, ते माझ्या कामात बसत नव्हतं.

मी नकाशाचा कोपरा त्या खड्ड्यावर टेकवला आणि सगळा आकार उगवतीकडं सरकला. एकही बाजू बदलली नाही, एकही कोन बदलला नाही. विहीर केळीखाली गेली. तात्यांची आणि मुलाण्यांची हद्द जुन्या बांधावर आली, जिथं ती त्यांच्या वाडवडिलांच्या वेळेपासून होती, आणि स्वयंपाकघर बांधाच्या पुरतं आत राहिलं. मी नवी फक्की टाकायला लावली. दस्तगीरभाई त्या रेघेच्या कडेनं शेवटपर्यंत चालत गेले आणि घराकडं वळले. थोड्या वेळानं पत्रे वर चढवल्याचा आवाज आला.

युवराज वडिलांसमोर येऊन उभा राहिला. त्याची बोटं अजून काळी होती. "आपली उगवतीची पट्टी गेली तवा का न्हाय बोलला? उभा ऊस व्हता तितं."

"ती आपली व्हती," तात्या म्हणाले. "आपलं जात व्हतं तवर गप बसता आलं."

युवराजनं मान खाली घातली. मी काठी उचलली आणि पुढच्या कोपऱ्याकडं चालायला लागले, कारण मोजणी अजून संपली नव्हती.